ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांचे सीडी-संच आणि त्यांचा संग्रह (सांगली-मिरज)

अभिजात संगीताची जुनी ध्वनिमुद्रणे, म्हणजे मुख्यतः लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि सुरुवातीच्या लाँग-प्ले, आवाज स्वच्छ करून अनेक सीडींच्या एका खोक्यात पुन्हा काढली जातात. असे खोके मिळवणे, ताडून पाहणे आणि जपणे हा एक जुना छंद आहे. बोलताना सगळे ‘बॉक्स सेट’ किंवा नुसते ‘बॉक्स’ म्हणतात.

सांगली-मिरजेत या छंदाला घरचा धागा आहे, कारण खोक्यातला आवाज पुष्कळदा इथलाच असतो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले. मद्रासकडच्या दौऱ्यात सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर त्यांचे निधन झाले, पण कबर मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि दरवर्षी तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचा. बालगंधर्व कृष्णाकाठच्या नागठाण्याचे.

खाँसाहेबांची पहिली ध्वनिमुद्रणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली, कर्ण्यासमोर गाऊन केलेली. नंतरची १९३०च्या दशकातली, मायक्रोफोनवरची. एकाच गळ्याची ही दोन युगे लागोपाठ ऐकायला मिळणे, हेच संचाचे मोठे देणे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मिळत, आणि तेवढ्यात आलाप, बंदिश, तान सगळे बसवावे लागे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत सुमारे ७४ मिनिटे मावतात, म्हणजे बारा तबकड्यांच्या दोन्ही बाजू. मात्र त्या सलग ऐकू नयेत. एक बाजू ऐकावी आणि थांबावे. तीन मिनिटांचे ते गाणे पूर्ण मैफल म्हणूनच रचलेले असते.

पाश्चात्त्य संगीतात हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर झाला. फिलिप्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस विसाव्या शतकातल्या पियानोवादकांची १०० खंडांची, २०० सीडींची मालिका काढली. पियानोवादक रुबिनस्टाइनचा २०११ चा संच १४२ सीडींचा आहे, ऑपेरा-गायिका मारिया कॅलासच्या स्टुडिओतल्या गायनाचा २०१४ चा संच ६९ सीडींचा. कंपन्यांकडे जुना साठा तयारच होता आणि एकेकटी सीडी खपेनाशी झाली होती, म्हणून सगळे एका खोक्यात भरून स्वस्तात देणे परवडू लागले. हिंदुस्थानी संगीताच्या वाट्याला एवढे भव्य खोके आले नाहीत. दोन-चार सीडींचे घराणेवार किंवा कलाकारवार संच निघाले, तेच आज शोधून घ्यावे लागतात.

संचाची खरी किंमत सीडींच्या संख्येवरून ठरत नाही, ती सोबतच्या पुस्तिकेवरून ठरते. मुद्रण कुठल्या साली झाले, साथीला कोण होते, मूळ तबकडीचा क्रमांक काय, ज्या साच्यावरून ती छापली त्याचा क्रमांक (मॅट्रिक्स नंबर) काय, आणि ती किती फेऱ्यांनी वाजवून उतरवली, एवढे लिहिलेले असेल तर तो संच म्हणजे दस्तऐवज. नाहीतर तो नुसता गाण्यांचा गठ्ठा. पाश्चात्त्य संचांपैकी चांगल्यांत हे सारे असते. आपल्याकडच्या कित्येक संचांत रागाचे नाव आणि एक छायाचित्र यापलीकडे काही नसते, आणि ही उणीव मनाला लागते.

फेऱ्यांचा मुद्दा किरकोळ नाही. सुरुवातीच्या तबकड्या नावाला ७८च्या, प्रत्यक्षात त्यांचा वेग कमी-जास्त असे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ने वाजवली की स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो: पेटीवरच्या काळी एक पट्टीतले गाणे पुढच्या पांढरी दोनमध्ये जाते आणि लयही तेवढीच पळू लागते. खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच आणि बारीक, त्यामुळे अशी चूक पटकन कळतही नाही. याच खाँसाहेबांच्या गळ्यावरून सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांची, मोजणी केली होती. त्या गावात तरी पट्टी चुकलेला संच मुकाट्याने ऐकला जाऊ नये.

दुसरा धोका अती सफाईचा. सुईची खरखर काढता काढता वरच्या कंपनांवरही कात्री चालते. मग आवाज गुळगुळीत होतो, पण श्वास आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घोडीवरून उमटणारा झंकार, नाहीशी होते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी लावणाऱ्यांच्या या गावातला कान हा फरक लगेच ओळखतो, आणि थोडी खरखर असलेला संचच घ्यावा, असे मला वाटते. काही संचांत सुरुवातीच्या तबकड्यांच्या शेवटची नावाची घोषणाही कापलेली असते. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांनी गाणे संपल्यावर इंग्रजीत आपले नाव उच्चारले, ते जर्मनीतल्या हॅनोवरच्या कारखान्यात तबकडीची ओळख पटावी म्हणून. ती घोषणा कापणे म्हणजे कागदपत्रावरची सही खोडणे.

जपणुकीत दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. जुन्या जाड खोक्यांत घातलेला स्पंज काही वर्षांनी विरघळून सीडीला चिकटतो. तो आधीच काढून टाकावा. इंग्लंडमधल्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास बनलेल्या काही सीडी कडेपासून तांबूस पडत गेल्या, कारण वरचे लाखी आवरण कागदातल्या गंधकाला थोपवू शकले नाही. ऐतिहासिक मुद्रणे काढणाऱ्या छोट्या कंपन्यांचा माल त्यात बराच होता. अशी कड दिसली की लगेच प्रत काढून ठेवावी.

सांगलीत याखेरीज पुराचा विचार करावा लागतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा ती ओलांडून गावात शिरली. चिखलात बुडालेली सीडी लगेच साध्या पाण्याने धुऊन, मधून कडेकडे पुसली तर बहुधा पुन्हा वाजते. पुस्तिकेचा मात्र लगदा होतो, आणि तीतले क्रमांक नि तारखा दुसरीकडे सहसा मिळत नाहीत. म्हणून नदीकाठच्या जुन्या गावभागातल्या घरात जागा कमी असेल तर पुस्तिका माळ्यावर ठेवाव्यात, सीडी खाली राहिल्या तरी चालेल.