‘अनफिक्स्ड’चा घोळ : कंटेनर इमेज स्कॅनिंगची पार्श्वभूमी

परदेशी ग्राहकाचा करार गोव्यात पर्वरीतल्या आमच्या कार्यालयात येतो, तेव्हा त्यात हल्ली एक कलम ठरलेलं असतं : कंटेनरच्या इमेजमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सॉफ्टवेअर एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात, ‘झीरो क्रिटिकल’, एकही गंभीर सुरक्षादोष नको. हॉटेलची बुकिंग सांभाळणारे चार-पाच कंटेनर असले तरी माहीत असलेले दोष शोधणाऱ्या स्कॅनचा अहवाल हिरवाच हवा. तो लाल येतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी बेस इमेज, म्हणजे जिच्यावर आपली इमेज उभी असते ती, बदलण्याची धावपळ सुरू होते.

सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षादोषांना क्रमांक देणारी सीव्हीई यादी १९९९ मध्ये ३२१ नोंदींनी सुरू झाली. पुढची बरीच वर्षं ती सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्याच कामाची होती. २०१३ मध्ये कंटेनर बनवण्याचं आणि चालवण्याचं साधन, डॉकर, आलं. चालत्या सर्व्हरवर पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, लावता येतो. इमेज मात्र ज्या दिवशी बिल्ड केली, त्या दिवसात गोठून राहते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष उघडकीला आला तेव्हा जुन्या इमेजमधलं ओपनएसएसएल आपोआप बदलणार नव्हतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये क्लेअर हा मुक्त स्रोत स्कॅनर जाहीर झाला. २०१९ मध्ये ट्रिव्ही आणि २०२० मध्ये ग्राइप आला.

हे स्कॅनर इमेजमधला प्रोग्राम चालवून बघत नाहीत. इमेज ज्या थरांची बनते त्यांतून पॅकेजांची, म्हणजे तयार सॉफ्टवेअर घटकांची, नावं आणि आवृत्त्या काढायच्या आणि दोषांच्या याद्यांशी ताडायच्या, एवढंच त्यांचं मूळ काम. यातली गोम हार्टब्लीडच्या वेळीच दिसली होती. दोष १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत, दुरुस्ती १.०.१जी मध्ये. डेबियन या लिनक्स वितरणाने मात्र स्थिर वितरणात १.०.१ई हीच आवृत्ती ठेवली, तिच्यावर तेवढाच पॅच बॅकपोर्ट केला, म्हणजे नवी दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवली, आणि आकड्याच्या शेपटाला ‘डेब७यू५’ जोडलं. नुसता मूळ आकडा पाहणाऱ्याच्या लेखी ती इमेज दोषी, डेबियनची यादी वाचणाऱ्याच्या लेखी दुरुस्त. म्हणून जाणते स्कॅनर आधी वितरणाची यादी धरतात.

यापेक्षा मोठा घोळ ‘अनफिक्स्ड’ या शब्दाचा. पॅच अजून तयार नाही, तो अनफिक्स्ड. दोष किरकोळ आहे, स्वतंत्र सूचना काढणार नाही, असं वितरणाने ठरवलं, तोही अनफिक्स्ड. जुन्या आवृत्तीत दुरुस्ती करणारच नाही, तोही. आमच्या मते हा सुरक्षेचा दोषच नव्हे, असं म्हणून सोडून दिलेला, तोसुद्धा. एका रकान्यात चार वेगळी उत्तरं. डेबियन ही सगळी खाती उघडी ठेवतं. अल्पाइन या दुसऱ्या लिनक्स वितरणाची जी यादी स्कॅनर वर्षानुवर्षं वाचत आले, तिच्यात मात्र फक्त दुरुस्त झालेल्या दोषांची नोंद असे. त्यामुळे तोच उघडा दोष डेबियनच्या अहवालात लाल दिसे आणि अल्पाइनच्या अहवालात दिसतच नसे. अल्पाइनची इमेज जेमतेम ५ एमबीची, तिच्यात मुळात पॅकेजंच कमी, हे श्रेय तिचंच. पण तिच्या स्वच्छतेतला काही भाग निव्वळ मौनाचा होता. मे २०१९ मध्ये तर ३.३ पासूनच्या अधिकृत अल्पाइन इमेजमध्ये रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड रिकामा असल्याचं जाहीर झालं. हा कुठल्या पॅकेजच्या आवृत्तीचा दोष नव्हता, त्यामुळे आवृत्त्या ताडणाऱ्याला तो दिसणार कसा?

अनफिक्स्ड दोष अहवालातून वगळण्याची सोय स्कॅनरांत आली, आणि वाद तिथेच पेटला. डेव्हलपर म्हणतात, जे आम्हाला दुरुस्तच करता येत नाही, त्यापायी बिल्ड का अडवता? ऑडिटवाले म्हणतात, औषध नाही म्हणून रोग नाही असं होतं का? बिल्ड अडवू नये इथपर्यंत डेव्हलपरांचं पटतं. पण ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या कागदातून ते दोष गाळणं ही लपवाछपवीच. गोव्यात हे समजावायला फॉर्मेलिनचं प्रकरण पुरतं. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन सापडल्याचं आधी कळलं, मग प्रयोगशाळेच्या हवाल्याने ते ‘मर्यादेत’ असल्याचं. नुस्तें, म्हणजे मासळी, तेच होतं. भांडण ‘मर्यादेत’ या शब्दावर झालं.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या लॉगफोरशेल या दोषाने पॅकेज मॅनेजरच्या यादीवर विसंबणाऱ्यांची झोप उडवली : दोष जारमध्ये, म्हणजे जावाच्या बांधीव फाइलमध्ये, ती जार दुसऱ्या जारमध्ये, आणि पॅकेजांच्या यादीत तिचा पत्ताच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकी सरकारच्या आदेशाने सॉफ्टवेअरच्या घटकसूचीला, म्हणजे एसबॉमला, जोर आला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याकडेही केंद्राच्या सायबर यंत्रणेने एसबॉमची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मार्च २०२४ मधल्या एक्सझेड प्रकरणात, म्हणजे या कॉम्प्रेशन साधनात कुणीतरी घुसवलेलं चोरदार सापडलं तेव्हा, मात्र घात नव्या आवृत्त्यांनीच केला, ५.६.० आणि ५.६.१, जुन्यावर थांबलेले वाचले. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून सीव्हीईंना तीव्रतेचे गुण देणाऱ्या अमेरिकी कोशाचं काम तुंबलं, आणि वर्षभरात नव्या नोंदी ४०,००० वर गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये खुद्द सीव्हीई यादीचाच निधी संपायला आला. करार शेवटच्या घटकेला ११ महिन्यांनी वाढवला गेला.

आता व्हेक्स आलं आहे : दोष इमेजमध्ये आहे, पण आमच्या प्रणालीला तो बाधत नाही, हे उत्पादकाने कारणासह, यंत्राला वाचता येईल अशा रूपात लिहून द्यायचं. आमच्याकडून तो खुलासा अजून एक्सेलमध्ये जातो, कारण ग्राहकाच्या फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा रकानाच नाही.