पुन्हा पुन्हा येणारे गॅमा किरण: मॅग्नेटारच्या शोधामागील इतिहास

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. त्यामुळे धनु राशी माथ्याच्या दक्षिणेला सर्वांत वर चढते तेव्हा एसजीआर १८०६-२० या नावाने नोंदलेला तारा आपल्या दक्षिण क्षितिजापासून सुमारे ५० अंश उंचीवर असतो. यशवंतराव चव्हाण तारांगणात किंवा त्र्यंबकच्या बाजूच्या अंधाऱ्या माळावर धनु राशीतील ही जागा बोटाने दाखवता येते, तारा मात्र दाखवता येत नाही. तो जेमतेम २० किलोमीटर व्यासाचा आहे आणि आकाशगंगेतील दाट धुळीच्या पडद्याआड आहे. असा तारा अस्तित्वात आहे हे आपल्याला कळले, त्याला मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा तारा, हे नाव मिळाले आणि त्याचे चुंबकीय क्षेत्रही मोजता आले, ते केवळ त्याच्याकडून अधूनमधून येणाऱ्या गॅमा किरणांच्या आणि क्ष-किरणांच्या झोतांमुळे. हे झोत एकदाच येऊन थांबले असते तर ही ओळख पटणे फार अवघड गेले असते. ते पुन्हा पुन्हा आले, त्याच जागेवरून आले आणि सूर्यमालेत दूरदूर विखुरलेल्या यंत्रांनी ते नोंदवले, म्हणून हा इतिहास घडला.

गॅमा किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात. त्यामुळे ही कथा उपग्रहांच्या युगातच सुरू होऊ शकत होती, आणि ती सुरू झाली खगोलशास्त्राशी संबंध नसलेल्या कारणासाठी. १९६३ च्या अणुचाचणी बंदी करारानंतर अवकाशात कोणी गुपचूप चाचणी करते का, यावर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी नोंदवलेला गॅमा किरणांचा झोत अणुस्फोटाशी जुळणारा नव्हता. लॉस अलामॉस येथील रे क्लेबेसाडेल आणि सहकाऱ्यांनी अशा नोंदी बाजूला काढून ठेवल्या आणि हे झोत पृथ्वी किंवा सूर्याकडून येत नाहीत याची खात्री पटल्यावर १९७३ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. पुढची काही वर्षे अशा सर्व झोतांकडे एकाच जातीची घटना म्हणून पाहिले गेले: कुठून तरी येतात, काही सेकंदांत संपतात आणि त्या जागी पुन्हा काही दिसत नाही.

५ मार्च १९७९ रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री सव्वानऊनंतर काही मिनिटांनी, या समजुतीला पहिला धक्का बसला. सोव्हिएत संघाची व्हेनेरा ११ आणि व्हेनेरा १२ ही अवकाशयाने डिसेंबर १९७८ मध्ये शुक्रावर आपापले अवतरक सोडून सूर्याभोवतीच्या कक्षेत पुढे निघून गेली होती. मुख्य कामगिरी संपली असली तरी त्यांच्यावरील गॅमा किरणांचे डिटेक्टर चालू होते. लेनिनग्राडच्या योफे संस्थेत येवगेनी माझेत्स यांच्या गटाने बनवलेले कोनुस हे उपकरण त्यांतलेच. सेकंदाला शंभराच्या आसपास असलेली मोजणी एका मिलीसेकंदापेक्षाही कमी वेळात दोन लाखांच्या वर गेली आणि मोजणीची यंत्रणा तिथेच खुंटली. पाठोपाठ सूर्याभोवती फिरणारे हेलिओस २, शुक्राभोवतीचे पायोनियर व्हीनस, पृथ्वीजवळचे वेला उपग्रह आणि इतर याने यांच्यावरून तीच लाट गेली. पहिला तीव्र झोत सेकंदाच्या पाचव्या भागाएवढाच टिकला. त्यामागून आलेला मंद प्रकाश मात्र सुमारे तीन मिनिटे रेंगाळला आणि दर आठ सेकंदांनी चढत-उतरत राहिला. हा ठोका म्हणजे स्वतःभोवती फिरणाऱ्या एखाद्या वस्तूची खूण होती. त्यानंतर साडेचौदा तासांनी त्याच दिशेने दुसरा, बराच क्षीण झोत आला, आणि पुढील चार वर्षांत असे आणखी झोत येत राहिले. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची नोंद त्या पहिल्या प्रचंड झोताची नव्हे, तर साडेचौदा तासांनंतरच्या या दुसऱ्या किरकोळ झोताची आहे. जी वस्तू झोत दिल्यावरही शिल्लक राहते, ती नष्ट होऊन संपणाऱ्या कोणत्याही घटनेपेक्षा वेगळी असली पाहिजे, हे त्यातून स्पष्ट झाले.

दिशा कशी कळली, हेही समजून घेतले पाहिजे, कारण त्या काळातले गॅमा डिटेक्टर कॅमेऱ्यासारखे चित्र काढत नव्हते. किरण आले एवढेच ते सांगत, कुठून आले ते सांगत नसत. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी आधी होळकर पुलाखाली, मग सायखेड्याला आणि नंतर नांदूरमध्यमेश्वरला पोहोचते. या ठिकाणांच्या वेळा हाती असल्या, तर लोंढा कोणत्या बाजूने आला हे नदी न पाहताही सांगता येते. अवकाशयानांच्या बाबतीत लाट प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटरने, सरकते. दोन यानांच्या वेळांतल्या फरकावरून आकाशावर एक वर्तुळ मिळते, तिसऱ्या यानामुळे ते दोन बिंदूंवर येते आणि आणखी एका यानामुळे खरा बिंदू ठरतो. याने जितकी दूर, तितका हा बिंदू नेमका. १९७९ च्या मार्चमधील घटनेची जागा अशा रीतीने काढली तेव्हा ती मोठ्या मॅगेलानिक मेघ या शेजारच्या लहान दीर्घिकेतील एन ४९ या अतिनवताऱ्याच्या, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याच्या, अवशेषावर पडली. हे ठिकाण आपल्यापासून १,६०,००० प्रकाशवर्षांहून अधिक दूर आहे आणि नाशिकच्या क्षितिजावरून जवळजवळ दिसतच नाही. इतक्या अंतरावरून एवढे किरण येण्यासाठी सूर्य सुमारे दहा हजार वर्षांत जेवढी ऊर्जा देतो, तेवढी सेकंदाच्या पाचव्या भागात सुटायला हवी होती. अनेकांना हे पटले नाही. वस्तू जवळचीच आहे आणि अवशेषाशी तिचे जुळणे हा योगायोग आहे, असे मत बराच काळ मांडले जात होते.

१९७९ मध्येच आणखी दोन जागा नोंदींत होत्या, पण तेव्हा त्यांची संगती लागली नव्हती. मार्चच्या अखेरीस गरुड तारकासमूहातून, म्हणजे आपल्या श्रवण नक्षत्राच्या परिसरातून, तीन दिवसांत तीन झोत आले होते. धनु राशीतून ७ जानेवारी १९७९ रोजीच एक झोत आला होता. या दुसऱ्या उगमाचे महत्त्व कळले ते १९८३ मध्ये त्याने झोतांची रांगच लावली तेव्हा. मग जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या आणि १९७८ ते १९८६ या काळात त्याच जागेवरून शंभराहून अधिक झोत आल्याचे दिसले. जानेवारीची ती नोंद टाकून दिली असती, तर हा धागा जुळला नसता. हे झोत नेहमीच्या गॅमा किरण स्फोटांपेक्षा आखूड होते, बहुधा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे, आणि त्यांतील किरणांची ऊर्जाही कमी होती. १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथील बैठकीत शास्त्रज्ञांनी या उगमांची वेगळी जात मान्य केली आणि सॉफ्ट गॅमा रिपीटर, म्हणजे कमी ऊर्जेचे गॅमा किरण पुन्हा पुन्हा देणारा उगम, हे नाव रूढ झाले. एसजीआर हा त्याचाच संक्षेप.

हे उगम कशामुळे झोत देतात, याचे उत्तर १९९२ मध्ये रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉमसन यांनी मांडले. बोहदान पाचिन्स्की यांनीही त्याच वर्षी १९७९ च्या घटनेसाठी तसाच विचार मांडला. नवजात न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा, पुरेशा वेगाने फिरत असेल, तर त्याच्या आतील तप्त, खवळलेल्या द्रव्यामुळे चुंबकीय क्षेत्र नेहमीच्या पल्सारपेक्षा, म्हणजे नियमित ठोके देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यापेक्षा, शेकडो पटींनी वाढू शकते. चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या गॉस या एककात पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्याच्या आसपास आहे, सामान्य पल्सारचे दहाच्या बाराव्या घाताएवढे, आणि या ताऱ्यांचे दहाच्या चौदाव्या ते पंधराव्या घाताएवढे. असे क्षेत्र ताऱ्याच्या घट्ट कवचाला पीळ देते. कवच तडकले किंवा क्षेत्ररेषांची नवी जुळणी झाली की साठलेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. मॅग्नेटार हे नावही डंकन आणि थॉमसन यांनीच दिले. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा झोत का येतात याचे कारण प्रथमच एका विचारातून मिळत होते, पण तेव्हा ते केवळ गणित होते.

मोजमाप आले सहा वर्षांनी. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या रॉसी या क्ष-किरण वेधशाळेच्या साहाय्याने क्रिसा कुव्हेलिओटू आणि सहकाऱ्यांनी एसजीआर १८०६-२० चा शांत अवस्थेतील ठोका पकडला. तो दर ७.४७ सेकंदांनी येत होता आणि वर्षाला सुमारे अडीच मिलीसेकंदांनी लांबत होता. एवढ्या वेगाने मंदावण्यासाठी आठशे लाख कोटी गॉसचे क्षेत्र लागते, असा हिशेब निघाला. मे १९९८ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला गरुडातल्या एसजीआर १९००+१४ चा महाउद्रेक झाला. त्याचा ठोका ५.१६ सेकंदांचा होता. प्रशांत महासागरावर तेव्हा रात्र होती, तरी तेथील आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, दिवसा असते तेवढे भारित झाले. हजारो प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याने पृथ्वीच्या वातावरणावर टाकलेला हा परिणाम रेडिओ लहरींच्या नोंदींत उमटलेला आहे.

२७ डिसेंबर २००४ चा उद्रेक याहूनही मोठा होता. भारतात २८ तारखेची पहाटे तीनची वेळ होती आणि धनुर्मास चालू होता, म्हणजे सूर्य धनु राशीत होता. एसजीआर १८०६-२० सूर्यापासून केवळ ५ अंशांवर होता आणि दोघेही नाशिकच्या क्षितिजाखाली होते. सूर्य एक लाखाहून अधिक वर्षांत देतो तेवढी ऊर्जा त्या पहिल्या क्षणी सुटली. बहुतेक उपग्रहांचे डिटेक्टर इतके दिपून गेले की खरी तीव्रता त्यांना मोजताच आली नाही. रशियाचा कोरोनास-एफ उपग्रह त्या वेळी पृथ्वीआड होता, म्हणून त्याने थेट झोत पाहिला नाही. त्याने नोंदवले ते चंद्रावरून परतलेले किरण. आडोशामुळे वाचलेल्या या यंत्रामुळे तीव्रतेचा अंदाज बांधणे सोपे झाले. नंतरच्या आठवड्यांत उद्रेकाची रेडिओ लहरींमधील मागची चमक टिपणाऱ्या दुर्बिणींत पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटीही होती, आणि ही बाब आपल्या भागातील वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. त्या उद्रेकानंतर काही मिनिटांनी आलेल्या गॅमा किरणांचा अर्थ मात्र वीस वर्षांनी लागला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये तिथे तयार झाली असावीत, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंटिग्रल या युरोपच्या गॅमा किरण वेधशाळेच्या जुन्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासाने मांडले.

मधल्या काळात स्विफ्ट आणि २००८ मध्ये सोडलेली फर्मी या वेधशाळांनी सतत मोठ्या आकाशावर लक्ष ठेवल्यामुळे लहान झोतांच्या नोंदी मुबलक झाल्या. जानेवारी २००९ मध्ये एका मॅग्नेटारकडून वीस मिनिटांत शंभराहून अधिक झोत आले. एप्रिल २०२० मध्ये एसजीआर १९३५+२१५४ ने असेच वादळ उठवले. दुसऱ्या दिवशी, २८ एप्रिलला, त्याच्याकडून क्ष-किरणांच्या झोतासोबत अत्यल्प काळाची तीव्र रेडिओ लहर आली. ती कॅनडातील चाइम आणि अमेरिकेतील स्टेअर-२ यांनी पकडली. दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या जलद रेडिओ स्फोटांपैकी काहींमागे मॅग्नेटार असावेत, या तर्काला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

दूरच्या दीर्घिकांतील मॅग्नेटारच्या बाबतीत मात्र पुन्हा येणारे झोत ही खूणच हाती लागत नाही. लहान झोत इतक्या अंतरावरून जाणवत नाहीत. महाउद्रेक तेवढा दिसतो आणि तोही एकदाच. १५ एप्रिल २०२० रोजी १ कोटी १४ लाख प्रकाशवर्षांवरील एनजीसी २५३ च्या दिशेने असा झोत आला. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी एम ८२ च्या दिशेने दुसरा आला. एम ८२ म्हणजे सप्तर्षींच्या भागातील ती लांबट दीर्घिका, जी एप्रिलच्या संध्याकाळी नाशिकबाहेरच्या अंधारातून छोट्या दुर्बिणीतही फिकट रेघेसारखी दिसते. इंटिग्रलने तेरा सेकंदांत या झोताची सूचना जगभर पाठवली. त्यानंतर एक्सएमएम-न्यूटन या अवकाश दुर्बिणीला क्ष-किरणांची मागची चमक आढळली नाही आणि गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांनाही काही मिळाले नाही. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले असते तर अशी निशाणी अपेक्षित होती, म्हणून हा महाउद्रेक मॅग्नेटारचाच असे मत बळावले. इंटिग्रलचे निरीक्षण फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबले. आता हे काम फर्मी, स्विफ्ट, २०२४ मध्ये सोडलेल्या आइनस्टाइन प्रोब आणि एसव्हीओएम यांच्यासह आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआय या उपकरणाकडे आहे, आणि आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने प्रस्तावित असलेली दोन उपग्रहांची दक्ष मोहीम मंजूर झाली तर ती अशा एकट्या झोतांचा शोध संपूर्ण आकाशभर घेईल.