प्राइम डायरेक्टिव्ह

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकांच्या कल्पित विश्वात स्टारफ्लीट या अंतराळ ताफ्याच्या प्रत्येक जहाजाला बांधणारा पहिला सर्वसाधारण आदेश. परक्या समाजाच्या स्वाभाविक वाटचालीत ढवळाढवळ करायची नाही, हा त्याचा गाभा. प्रकाशापेक्षा वेगवान वॉर्प प्रवास ज्यांना साधलेला नाही, त्यांना आपली ओळख, आपले तंत्रज्ञान, किंबहुना परग्रहांवर वस्ती आहे ही माहितीही द्यायची नाही. वॉर्प साधलेल्यांशी संबंध ठेवता येतात, मात्र त्यांच्या अंतर्गत भांडणात पडता येत नाही.

कॅप्टन हा आदेश उघडपणे क्वचितच झुगारतात. तो इथे लागू नाही, असे ते ठरवतात. १९६७ मध्ये आदेशाचा पहिला उल्लेख झाला त्याच भागात मूळ मालिकेतील कॅप्टन कर्कने म्हटले की, नियम जिवंत, वाढत्या संस्कृतीसाठी आहे. संगणकाच्या ताब्यात गोठलेल्या समाजासाठी नाही. दुसरा आधार आधी झालेल्या हस्तक्षेपाचा. १९६८ च्या एका भागात क्लिंगॉन ही शत्रू प्रजाती एका ग्रहावरील एका गटाला गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुका पुरवते, तेव्हा कर्क विरोधी गटालाही तशाच देतो. तोल साधतो, पण युद्ध लांबते.

नंतरच्या मालिकेतील कॅप्टन पिकार्डच्या काळात कधी घोटाळा निरीक्षणातूनच होतो. १९८९ च्या एका भागात मिंटाका ३ वरील छुप्या चौकीचे होलोग्रामचे आवरण बंद पडते, जखमी झालेल्या एका रहिवाशावर जहाजात उपचार होतात, त्याची स्मृती पुसण्याचा प्रयत्न फसतो आणि तो पिकार्डला देव मानू लागतो. आपण मर्त्य आहोत हे पटवायला पिकार्डला त्याच माणसाचा बाण अंगावर घ्यावा लागतो.

आदेशाचा सर्वांत कच्चा अर्थ म्हणजे नैसर्गिक आपत्तीने कोणी नष्ट होत असेल तर तेही होऊ द्यावे. २००२ च्या एका भागात, आदेश अस्तित्वात येण्याआधीच्या काळात, कॅप्टन आर्चर एका रोगग्रस्त प्रजातीला उपाय देत नाही, कारण शेजारची प्रजाती उत्क्रांतीत पुढे येणार असते. उत्क्रांतीला ठरलेले गंतव्य नसते, त्यामुळे हा निर्णय विज्ञानाच्या पायावर टिकत नाही.

‘व्हॉयेजर’ मालिकेत पारडे उलटते. जहाज घरापासून सुमारे ७०,००० प्रकाशवर्षे दूर अडकले असताना सिकेरियन लोकांकडे ४०,००० प्रकाशवर्षे ओलांडणारे यंत्र असते, पण त्यांचाच कायदा ते परक्यांना देऊ देत नाही. कॅप्टन जेनवे नकार स्वीकारते. तिचेच सहकारी ते तिच्या नकळत मिळवतात आणि जोडून पाहतात. मात्र यंत्र जहाजाच्या तंत्रज्ञानाशी जुळत नाही, आणि शेवटी ते नष्ट करावे लागते.