भिंतीमागची १९ मिलिमीटर हवा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराची साइडिंग उतरवली. आम्ही कॅनडात, व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीत राहतो. इथली घरं लाकडी सांगाड्याची. सांगाड्यावर बाहेरून प्लायवूड ठोकतात, त्यावर पाणी अडवणारा कागद लावतात आणि सगळ्यात बाहेर आडव्या पट्ट्यांचं कवच चढवतात. या कवचाला साइडिंग म्हणतात. ते लाकडाचं असतं, व्हायनिल नावाच्या प्लास्टिकचं असतं, किंवा आमच्यासारखं फायबर सिमेंटचं, म्हणजे तंतू मिसळलेल्या सिमेंटचं. रस्त्यावरून जे घर दिसतं ते एवढंच, त्यामुळे लोकांना वाटतं की पाऊस अडवायचं कामही त्याचंच.

आमच्या झोपायच्या खोलीत खिडकीखाली ओल येत होती. एका कारागिराने खिडकीभोवतीच्या सगळ्या फटी सिलिकॉनने भरून दिल्या. पुढच्या हिवाळ्यात ओल वाढली. तो पुन्हा आला, आणखी सिलिकॉन भरून गेला. तिसऱ्या वर्षी पट्ट्या काढल्या तेव्हा मी शिडीवर उभी होते. प्लायवूडचा रंग भिजलेल्या चहापत्तीसारखा झाला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं. बोटांत धरून चोळलं की लाकडाचे तंतू सुटे होत होते.

चूक शोधायला वेळ लागला नाही. खिडकीच्या डोक्यावर पत्र्याची एक वाकवलेली पट्टी असते, तिला फ्लॅशिंग म्हणतात. वरून कागदावर ओघळत आलेलं पाणी या पत्र्यावर यावं आणि बाहेर पडावं, अशी तिची रचना. त्यासाठी कागद पत्र्याच्या उभ्या कडेवर यायला हवा. आमच्याकडे पत्रा कागदाच्या वरून ठोकलेला होता. म्हणजे पाणी पत्र्याच्या मागे. घर शाकारताना वरचं कौल खालच्या कौलावर चढवायचं, हे कोकणात शाळकरी पोरालाही माहीत असतं. इथे नेमकं तेच उलटं झालं होतं. आणि पत्र्याच्या वर साइडिंग संपते तिथे मुद्दाम सोडलेली फट त्या कारागिराने दोनदा बुजवली होती. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची ती एकच वाट होती.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे ‘ओल आली की फट बुजवा’ हा समज. तो इथेही आहे, मुंबईतही आहे आणि रत्नागिरीतही आहे. भिंत सीलबंद करून पाऊस अडवता येत नाही. इथल्या लोकांनी हे फार मोठी किंमत मोजून शिकून घेतलंय.

१९८० आणि ९०च्या दशकांत व्हँकुव्हर परिसरात हजारो अपार्टमेंट अशी बांधली गेली की त्यांना छपराची वळचण जवळजवळ नव्हतीच. दिसायला भूमध्य समुद्राकाठच्या घरांसारखी, गुळगुळीत गिलाव्याची. गिलावा थेट कागदावर, मध्ये रिकामी जागा नाही. आतल्या बाजूला ऊब टिकावी म्हणून इन्सुलेशन आणि त्यावर प्लास्टिकचा पडदा. बाहेरून पाणी शिरलं की ते मधल्या लाकडात अडकायचं. आतून वाळायला प्लास्टिक आडवं, बाहेरून वाळायला गिलावा. इमारती उभ्या राहून पाच-दहा वर्षं होतात न होतात तोच कुजायला लागल्या. अब्जावधी डॉलरचं नुकसान झालं, आणि ते मुख्यतः तिथे राहणाऱ्यांच्या खिशातून भरलं गेलं. १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया या इथल्या प्रांताचे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच सुमारास न्यूझीलंडमध्येही असंच प्रकरण उघडकीस आलं.

कोकणातल्या वाचकाला इथे प्रश्न पडेल. व्हँकुव्हरच्या विमानतळावर वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत त्याच्या अडीच-तीन पट. मग कुजलं व्हँकुव्हर कसं? एक तर चिऱ्याची भिंत भिजते पण कुजत नाही. दुसरं म्हणजे वाळण्याचा हिशेब. कोकणात चार महिने धो धो पडतं आणि मग ऑक्टोबरचं ऊन भिंतीतलं पाणी ओढून घेतं. इथे ऑक्टोबर ते मार्च बारीक पाऊस, पारा पाच-सात अंशांवर आणि सूर्य ढगाआड. भिजलेलं लाकूड महिनोन्महिने भिजलेलंच राहतं. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर कुजवणाऱ्या बुरशीला वाव नसतो. ते २६-२८ टक्क्यांच्या वर टिकून राहिलं की ती जोमाने वाढते.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते.

पाणी भिंतीत शिरायला तीन गोष्टी लागतात: पाणी, भोक आणि पाण्याला भोकातून ढकलणारं बल. पाऊस थांबवता येत नाही. भोकं शून्यावर आणता येत नाहीत, कारण लाकूड फुगतं-आकसतं, सिलिकॉन उन्हाने कडक होऊन कडेला सुटतं. राहिलं बल. ते काढून घेतलं तर भोक असूनही पाणी आत येणार नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेचे बिर्केलँड आणि कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलचे गार्डन यांनी हा विचार नीट मांडला. त्याला रेनस्क्रीन म्हणतात.

बलं तशी पाच. गुरुत्वाकर्षण आणि थेंबाचा वेग ही दोन सोपी आहेत, उतार आणि आडोसा दिला की भागतं. तिसरं म्हणजे पाण्याचं चिकटून वाहणं. किटलीतून चहा ओतताना तो तोंडावरून खाली ओघळतो, तसंच पाणी छज्ज्याच्या खालच्या अंगाने भिंतीकडे सरकतं. म्हणून कडेला खाच हवी किंवा पत्र्याची कड खाली वाकवलेली हवी, म्हणजे थेंब तिथेच सुटतो.

चौथं बल केशाकर्षण. काचेचे दोन स्वच्छ तुकडे एकमेकांना जोडून रंगीत पाण्यात उभे धरा, पाणी मधून वर चढताना दिसेल. दोन पृष्ठभागांत अर्ध्या मिलिमीटरची फट असेल तर पाणी जवळजवळ ३ सेंटिमीटर वर चढतं. फट १० मिलिमीटर केली तर चढाई दीड मिलिमीटरवर येते, म्हणजे नाहीच म्हणा. कॅनडाच्या बांधकाम संहितेत ओल्या किनारी भागासाठी साइडिंगमागे किमान १० मिलिमीटर जागा ठेवायला सांगितली आहे, त्याच्या मुळाशी हे गणित आहे. प्रत्यक्षात १९ मिलिमीटर जाडीच्या उभ्या पट्ट्या मारतात आणि त्यांच्यावर साइडिंग ठोकतात.

पाचवं बल मात्र दिसत नाही, आणि वादळात तेच सगळ्यात जास्त छळतं. तो हवेचा दाब. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाचा वारा भिंतीवर आदळला की दाब किती पडतो? हवेच्या घनतेला वेगाच्या वर्गाने गुणायचं आणि निम्मं करायचं. १.२ गुणिले ४०० भागिले २, म्हणजे २४० पास्कल. एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण ९.८ पास्कल असतो. म्हणजे हा वारा फटीतलं पाणी २४ मिलिमीटर वर उचलू शकतो. पाणी चढावर चढून घरात येतं ते असं. वारा दुप्पट झाला तर दाब चौपट, कारण वेगाचा वर्ग आहे. सीलबंद भिंतीत बाहेर हा दाब असतो आणि आत खोलीत तो नसतो. सगळा फरक त्या एका पातळ थरावर पडतो आणि थरात सुईएवढं भोक असलं तरी पाणी त्यातून आत ओढलं जातं.

आता रिकामा पेला घ्या, तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा, पेला उपडा करून बादलीत सरळ खाली दाबा. कागद कोरडा राहतो. पेल्याचं तोंड सताड उघडं आहे, पण आतल्या हवेला जायला जागा नाही. पाण्याने थोडं दाबलं की हवाही तेवढ्याच दाबाने उलट रेटते. पेल्याच्या तळाला भोक पाडा, हवा तिथून निसटेल आणि पाणी भसकन वर येईल.

रेनस्क्रीन भिंत म्हणजे हा उपडा पेला. साइडिंग हे त्याचं उघडं तोंड, मागची १९ मिलिमीटर हवा म्हणजे पेल्यातली हवा, आणि आतला कागद-प्लायवूडचा थर म्हणजे पेल्याचा तळ. वाऱ्याचा झोत आला की थोडी हवा खालच्या फटीतून पोकळीत शिरते आणि क्षणात तिथला दाब बाहेरच्या इतका होतो. साइडिंगच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब, मग पाण्याला आत ढकलणार कोण? साइडिंगला फटी आहेत म्हणूनच ती पाणी अडवते. दाब पेलायचं काम आतल्या थराचं, त्यामुळे हवा न गळण्याची जबाबदारीही त्याची. पण तो थर पावसाच्या माऱ्यात नसतो, म्हणून वर्षानुवर्षं टिकतो.

यात एक बारकावा आहे. वारा समोरच्या भिंतीवर दाब देतो, पण घराच्या कोपऱ्यावरून वळताना बाजूच्या भिंतीवर तो ओढ निर्माण करतो. पोकळी कोपऱ्यावरून सलग गेली असेल तर समोरची हवा आतल्या आत बाजूला पळते, दाब कधी सारखा होतच नाही. पेल्याला भोक पडल्यासारखंच ते. म्हणून कोपऱ्यांवर पोकळी उभी बंद करतात आणि दर मजल्यावर फ्लॅशिंग देऊन आडवी तोडतात. एवढं करूनही खऱ्या भिंतीत दाब पूर्ण सारखा होत नाही, झोत फार झपाट्याने बदलतात. थोडं पाणी आत येतंच. ते पोकळीतून खाली उतरतं. उरलेली ओल वाहत्या हवेने वाळते, कारण साइडिंगवर ऊन पडलं की मागची हवा तापून वरच्या फटीतून बाहेर जाते आणि बाष्प घेऊन जाते.

हे कळलं की बसवण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. पट्ट्या उभ्याच का, तर आडव्या मारल्या तर पाणी त्यांवर साचेल. फ्लॅशिंगला बाहेर उतार आणि तिची दोन्ही टोकं वर वळवलेली, नाहीतर पाणी कडेने भिंतीत जातं. फ्लॅशिंगच्या वर ६ मिलिमीटर फट, आणि तिच्यात सिलिकॉन नाही. खालच्या तोंडाला जाळी, कीटकांसाठी. फायबर सिमेंटच्या कापलेल्या टोकांना रंग, कारण ते तिथून पाणी पितं. खिळे समुद्राजवळ स्टेनलेस किंवा जस्ताचा जाड थर दिलेले. व्हायनिल असेल तर खिळा घट्ट मारायचा नाही, साडेतीन मीटरची पट्टी उन्हाळा-हिवाळ्यात सेंटिमीटरभर सरकते. आणि वळचण मोठी हवी. इथल्या पाहणीत वळचण जितकी मोठी, तितकी खालची भिंत कमी बिघडलेली आढळली.

आमची ओल आग्नेय कोपऱ्यात होती. नात्यातल्या एकांनी फोनवर सांगितलं की आग्नेय अग्नीची दिशा, तिथे पाणी हा वास्तुदोष, शांती करून घ्या. त्यांना आमची काळजी होती, पण हे मला मान्य नाही. व्हँकुव्हरला समुद्र पश्चिमेला असला तरी हिवाळी वादळांतला पाऊस बहुधा पूर्व-आग्नेयेच्या वाऱ्याबरोबर येतो, म्हणून इथे आग्नेय भिंत भिजते. रत्नागिरीत नैर्ऋत्य मोसमी वारे, तिथे पश्चिमेची भिजते. वारा कुठून येतो ते पाहावं आणि तिथे आडोसा करावा. दहा वर्षांची हमी देणाऱ्या ‘नॅनो’ लेपांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. ज्या पृष्ठभागावर लेप बसलाय तिथे तो कदाचित पाणी अडवील. पाणी शिरतं सांध्यांतून.

राजापूरजवळच्या आमच्या जुन्या घराला मातीच्या भिंती होत्या. मे महिन्यात आगोटीच्या कामांत आजोबा पडवीच्या पश्चिम अंगाला माडाच्या चुडतांची झापं बांधायचे. बांबू रोवून, भिंतीपासून हातभर पुढे. झापांना शंभर भोकं, झड आली की तुषार आत यायचे, पण भिंत कोरडी. आता त्याच गावात पश्चिमेच्या भिंतीला पत्रे मारतात, ते थेट भिंतीला टेकवून, कडा सिमेंटने बंद करून. मागे ओल तशीच राहते. पत्र्यांमागे दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या उभ्या पट्ट्या द्याव्यात, वर आडोशाखाली आणि खाली जमिनीजवळ तोंडं उघडी ठेवावीत. खर्च फार वाढत नाही.

आमची नवी साइडिंग सप्टेंबरात बसली. नोव्हेंबरात आग्नेयेकडून मोठं वादळ आलं तेव्हा मी टॉर्च घेऊन बाहेर गेले आणि त्या खिडकीच्या डोक्यावरच्या फ्लॅशिंगकडे बराच वेळ पाहत राहिले. ६ मिलिमीटरच्या फटीतून थोड्या थोड्या वेळाने एक थेंब बाहेर येत होता, वाकवलेल्या कडेवर थांबत होता आणि खाली पडत होता.