विद्युत् प्रज्योत भट्टी : प्रतिमाने व वीजपुरवठ्याची गुणवत्ता

ग्रॅफाइटाचे विद्युत् अग्र (इलेक्ट्रोड) आणि भट्टीतील भंगार यांच्यामध्ये पेटणाऱ्या प्रज्योतीचे (आर्कचे) विद्युतीय वर्तन समीकरणांत मांडणे, म्हणजे तिचे प्रतिमान (मॉडेल) बनवणे, व त्यावरून भट्टीचा वीजजालावर (ग्रिडवर) होणारा परिणाम आधीच अजमावणे, हा या अभ्यासाचा विषय. भट्टीची रचना आणि पोलाद तयार करण्याची कृती येथे गृहीत धरली आहे.

वीजजालावरील मोठ्या भारांमध्ये हा सर्वांत अस्थिर भारांपैकी एक. वितळण्याच्या सुरुवातीला भंगार ढासळते. एका फेजमधील प्रज्योत विझते, तर त्याच वेळी शेजारच्या फेजचे अग्र भंगाराला टेकून शॉर्ट सर्किट होते. पुढे द्रव पोलादावर फेसाळ मळीचा (स्लॅगचा) थर आला, की प्रज्योत त्यात झाकली जाऊन बरीच स्थिरावते. म्हणून शुद्धीकरणाच्या टप्प्यावर जुळवलेले प्रतिमान वितळण्याच्या टप्प्याला लावता येत नाही.

प्रतिमानांचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. काही लेखक तो ब्रिटिश अभियंता हर्था एअर्टन यांच्या समीकरणापर्यंत नेतात. प्रज्योतीची लांबी वाढली की विद्युत् दाब (व्होल्टेज) वाढतो आणि प्रवाह वाढला की दाब घटतो, हा संबंध त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी निश्चित केला. मात्र तो कार्बन अग्रांमधील, एकदिश (डीसी) प्रवाहाच्या स्थिर प्रज्योतीपुरता आहे. प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाच्या भट्टीत प्रज्योतीला जणू स्मृती असते : तोच प्रवाह चढता असताना दाब वेगळा आणि उतरता असताना वेगळा. ही स्मृती समीकरणात आणली ती कॅसी (१९३९) व मायर (१९४३) यांनी, तीही सर्किट ब्रेकरमधील प्रज्योतीसाठी. कॅसी यांनी प्रज्योतस्तंभाचे तापमान कायम व छेद बदलता धरला. मायर यांनी छेद कायम व तापमान बदलते धरले. त्यामुळे पहिले समीकरण मोठ्या प्रवाहाला आणि दुसरे शून्याजवळच्या प्रवाहाला लागू पडते. ५० हर्ट्झच्या जालावर प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, म्हणून भट्टीसाठी दोन्हींची सांगड घालतात. भट्टीच्या प्रतिमानांची खरी वंशावळ येथून सुरू होते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आचा, सेम्लेन व राजाकोविच यांनी १९९० मध्ये प्रज्योतीची त्रिज्या चल मानून मांडलेला ऊर्जासमतोल याच विचाराशी जुळतो : बाहेर जाणारी उष्णता आणि साठलेल्या ऊर्जेतील वाढ यांची बेरीज मिळालेल्या विद्युत् शक्तीइतकी.

एवढ्याने हार्मोनिक्सचा, म्हणजे जालाच्या मूळ कंप्रतेच्या (वारंवारतेच्या) पूर्णांक पटींत उमटणाऱ्या तरंगांचा, अंदाज येतो; दिव्यांच्या लुकलुकीचा, म्हणजे फ्लिकरचा, येत नाही. त्यासाठी प्रज्योतीची लांबी काळाबरोबर हलती ठेवावी लागते. मोंतानारी व सहकाऱ्यांच्या प्रतिमानात (१९९४) प्रज्योतीचा दाब सुमारे ४० व्होल्ट अधिक दर सेंटिमीटर लांबीला १० व्होल्ट असा धरून, लांबी ज्या-वक्राप्रमाणे (साइन) किंवा यादृच्छिक गोंगाटाप्रमाणे बदलली आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून केऑस सिद्धांतावरील (वरवर यादृच्छिक पण नियमबद्ध वर्तनाच्या) प्रतिमानेही आली. त्यांचे आलेख मोजलेल्या तरंगांशी हुबेहूब जुळलेले दिसतात. पण त्यांतील स्थिरांकांचा प्रज्योतीच्या भौतिक गुणधर्मांशी मेळ घालणे कठीण जाते. प्रतिमान कोणतेही असो, त्याच भट्टीवरील मोजमापांशी ताडून पाहिल्याखेरीज ते विश्वसनीय ठरत नाही.

डोळा सर्वांत संवेदनक्षम असतो तो सुमारे ८·८ हर्ट्झच्या लुकलुकीला. तंतूच्या दिव्याखाली त्या कंप्रतेला दाबातील सुमारे ०·२५% चढउतारही जाणवतो. आंतरराष्ट्रीय मानकातील फ्लिकरमापक याच आधारावर १० मिनिटांचा लघुकालीन निर्देशांक देतो. अशा १२ निर्देशांकांवरून दोन तासांचा दीर्घकालीन निर्देशांक काढतात. मूळ आधार ६० वॉटचा तंतूचा दिवा असल्याने एलईडीच्या काळात त्याचा फेरविचार चालू आहे.

दोन अर्धचक्रे सारखी नसल्याने या भट्टीत सम क्रमांकाचे हार्मोनिक्सही उमटतात, आणि पूर्णांक पटींच्या मधल्या कंप्रताही. चुकीच्या जागी जुळवलेला फिल्टर नेमक्या याच मधल्या कंप्रता वाढवू शकतो. भट्टी उभारण्यापूर्वी प्रतिमान करण्याचे हे एक मोठे कारण.

उपायांत भट्टी जालाला जेथे जोडली जाते त्या जोडबिंदूची शॉर्ट सर्किट क्षमता वाढवणे, प्रतिक्रियात्मक (रिॲक्टिव्ह) शक्ती पुरवून दाब सावरणारे एसव्हीसी हे उपकरण आणि त्याहून जलद प्रतिसाद देणारा, त्याच कामाचा स्टॅटकॉम हे मुख्य. एकदिश प्रवाहाच्या भट्टीत फ्लिकर कमी असतो.

महाराष्ट्रात डोलवी (जि. रायगड) येथील पोलाद कारखान्यात कन्व्हर्टर (प्राणवायू फुंकून पोलाद करणारे पात्र) व प्रज्योत भट्टी यांचा संयोग असलेली कॉनार्क पद्धत वापरतात. जालन्यातील भट्ट्या मात्र प्रामुख्याने प्रवर्तन (इंडक्शन) प्रकारच्या आहेत. तेथे हार्मोनिक्स उद्‌भवतात ते कंप्रता बदलणाऱ्या विद्युत् कन्व्हर्टरमुळे, म्हणून वरील प्रतिमाने त्यांना लागू होत नाहीत.