पांढरे दिसते ती सगळी भुरी नव्हे

जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या, शेंड्याची पाने आक्रसली आणि देठाशी पिंजलेल्या कापसासारखे पुंजके दिसू लागले, की बहुतेक घरांत बुरशीनाशकाची पुडी आणली जाते. आठ दिवसांनी पुंजके तसेच असतात, कारण ती बुरशी नसतेच. कुंडीतल्या फुलझाडांवर दिसणाऱ्या पांढऱ्या थराची मुख्यतः तीन कारणे असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून फवारणीचा पंप हाती घेण्याआधी पान उलटून नीट पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पुंजक्याला टाचणीचे टोक लावून पाहा. आत लांबट गोल, मऊ अंगाचा, पीठ माखल्यासारखा किडा असेल आणि चिरडल्यावर पिवळसर द्रव निघाला, तर तो पिठ्या ढेकूण होय. हा किडा सुईसारखी सोंड कोवळ्या भागात खुपसून रस शोषतो आणि अंगावर मेणाचा थर स्रवतो. या मेणावरून पाणी ओघळून जाते, त्यामुळे नुसत्या पाण्यात मिसळलेली औषधे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. अनेक जातींची मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. शोषलेल्या रसातली जादा साखर हे किडे चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. त्या थेंबांवर काळी काजळी वाढते आणि त्यांच्या लोभाने आलेल्या मुंग्या पिठ्या ढेकणाचे त्याच्या शत्रूंपासून रक्षण करतात. म्हणूनच कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली, तर शेंडे तपासावेत.

थोड्या किड्यांसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुरेसा होतो. अल्कोहोल मेण भेदते. मात्र आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी, कारण काही झाडांची पाने त्याने करपतात. प्रादुर्भाव जास्त असल्यास किडके शेंडे छाटून पिशवीत बंद करून टाकावेत आणि लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल थोड्या द्रवरूप साबणासह नीट घुसळून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारावे. अंडी पहिल्या फवारणीतून बचावतात, त्यामुळे आठवड्याच्या अंतराने तीनदा तरी फवारणी करावी लागते. बहुतेकांचा प्रयत्न इथेच अपुरा पडतो.

गुलाबाच्या कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर मात्र खरी भुरी येते. बोटाने पुसली की पिठासारखी निघते आणि काही दिवसांत पुन्हा उगवते. ही बुरशी पानाच्या जिवंत पेशींमध्ये शोषक अवयव घुसवून जगते. रात्रीचा गारवा आणि दमट हवा तिला मानवते; मात्र तिच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर पाणी साचावे लागत नाही, म्हणून थंडीच्या कोरड्या दिवसांतही ती पसरते. दाटी विरळ करून हवा खेळती ठेवावी आणि पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असताना, किंवा तेलाच्या फवारणीपासून दोन आठवड्यांच्या आत, गंधक वापरू नये; पाने भाजतात.

तिसरा प्रकार निरुपद्रवी आहे. बोअरवेलच्या जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार पानांवर डाग आणि कुंडीच्या काठावर खरखरीत पापुद्रा सोडतात. पापुद्र्यावर व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले, की ओळख पटली. पाणी पानांवर न घालता मुळाशी घालावे.

पिठ्या ढेकणांत कधीकधी मोठ्या, लांब पांढऱ्या झुपक्यांची, चपळ चालणारी अळी दिसते. ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची असते. ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणलेला हा भुंगेरा पिठ्या ढेकूण खाऊनच वाढतो. ती अळी दिसली तर त्या फांदीवर काहीही फवारू नये.