रात्रीची बास मासेमारी

सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंतच्या वेळात काठी, रीळ आणि बहुधा कृत्रिम आमिष वापरून गोड्या पाण्यातला बास पकडण्याची पद्धत. ती मुख्यतः उन्हाळ्यातली आहे. अमेरिकेच्या टेनेसी, केंटकी, मिसूरी, आर्कान्सा या राज्यांतल्या खोल, नितळ जलाशयांवर तिची परंपरा विशेष मुरलेली आहे. बास म्हणजे इथे सनफिश कुलातील मायक्रॉप्टेरस प्रजातीचे मासे: मोठ्या जबड्याचा लार्जमाउथ, त्याहून लहान तोंडाचा आणि थंड पाण्याची आवड असलेला स्मॉलमाउथ, आणि पोटाच्या बाजूला ठिपक्यांच्या ओळी असलेला स्पॉटेड बास. समुद्रातल्या सीबासची मासेमारी वेगळी असून ती या नोंदीत येत नाही.

बास रात्री पकडण्यामागचे पहिले कारण पाण्याचे तापमान आणि उजेड. भर उन्हाळ्यात जलाशयाचा वरचा थर २७–३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. नितळ पाण्यात ऊन खोलवर पोचते, शिवाय दिवसभर मोटारबोटी आणि जलक्रीडा करणाऱ्यांची वर्दळ असते. अशा वेळी मोठे मासे खोल पाण्यात किंवा दाट सावलीत थांबतात. अंधार पडल्यावर तेच मासे खडकाळ टोके, दगडगोट्यांचे उतार आणि पाणवनस्पतींच्या कडा धरून वर येतात. दुसरे कारण भक्ष्याचे. शेवंडासारखा दिसणारा, गोड्या पाण्यातला क्रेफिश दिवसा दगडाखाली दडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. स्मॉलमाउथच्या आहारात त्याचा वाटा मोठा असल्यामुळे खडकाळ तळाच्या जलाशयांत ही पद्धत विशेष फळते.

या जलाशयांपैकी बहुतेक विसाव्या शतकात धरणे बांधून तयार झाले. धरणे उभारणाऱ्या टेनेसी व्हॅली प्राधिकरण या सरकारी संस्थेची स्थापना १९३३ साली झाली आणि क्लिंच नदीवरचे नॉरिस धरण १९३६ मध्ये पूर्ण झाले. ओबी नदीवरचे डेल हॉलो धरण १९४३ चे, तर व्हाइट नदीवरचे टेबल रॉक धरण १९५८ चे. डोंगरी दऱ्या बुडून तयार झालेल्या या जलाशयांना उभे कडे, स्वच्छ पाणी आणि किनाऱ्याजवळच मोठी खोली लाभली. स्मॉलमाउथचा जागतिक विक्रम डेल हॉलोचाच आहे: डेव्हिड हेज यांनी ९ जुलै १९५५ रोजी तिथे ११ पौंड १५ औंस, म्हणजे सुमारे ५.४ किलो वजनाचा मासा पकडला.

प्रत्येक पाण्यात रात्र लाभतेच असे मात्र नाही. गढूळ पाण्यात दिवसाही उजेड फार खाली जात नाही, त्यामुळे तिथला बास अंधाराची वाट पाहत नाही. शरद ऋतूत पाणी निवते आणि मासा दिवसभर खाऊ लागतो. अशा ठिकाणी आणि अशा दिवसांत झोप मोडून तळ्यावर जाण्यात विशेष अर्थ नसतो.

ज्ञानेंद्रिये : अंधारात बास आमिष कसे शोधतो हे समजले की या पद्धतीतले बहुतेक नियम आपोआप उलगडतात. त्याच्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आणि मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी असतात. उजेड कमी होऊ लागला की शंकुपेशी मागे सरतात आणि दंडपेशी पुढे येतात. हा बदल सावकाश होतो. दंडपेशींना रंग कळत नाहीत, उजळ आणि काळे एवढाच फरक कळतो. खालून वर पाहणाऱ्या माशाला रात्रीचे आकाशसुद्धा पाण्यापेक्षा उजळ दिसते आणि त्यावर काळ्या आमिषाची आकृती ठळक उठते. अंधारात काळे आमिष का वापरायचे, हा नवख्यांना हमखास पडणारा प्रश्न इथे सुटतो.

डोळ्यांइतकीच महत्त्वाची आहे पार्श्विक रेखा. कल्ल्यांच्या मागून शेपटीपर्यंत गेलेल्या या रेषेतल्या सूक्ष्म केसांसारख्या संवेदी पेशी पाण्याची हालचाल आणि कमी कंप्रतेची स्पंदने टिपतात. तिचा पल्ला माशाच्या लांबीच्या एक-दोन पट एवढाच असतो. त्याहून लांबचा आवाज आतल्या कानाला कळतो. म्हणजे मासा आधी आवाजाने वळतो, मग आकृती पाहतो आणि शेवटच्या हातभर अंतरात स्पंदनांवरून नेम धरतो. आमिषाचा वेग मध्येच बदलला तर हा नेम चुकतो. म्हणून रात्रीच्या मासेमारीतला सर्वांत मोलाचा सल्ला आमिष सावकाश आणि एकसारखे ओढण्याचा आहे.

आमिषे : पृष्ठभागावर चालणाऱ्या आमिषांत जिटरबग हे नाव सर्वांत जुन्या आणि विश्वासू आमिषांपैकी आहे. ओहायोतील अ‍ॅक्रन येथील फ्रेड आर्बोगास्ट यांनी ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणले. त्याच्या तोंडाशी रुंद धातूची पट्टी असते. रीळ फिरवली की ते डावीकडे-उजवीकडे हेलकावत ‘डुबुक-डुबुक’ असा ठेका धरते, आणि हा ठेका मोडू न देणे हेच वापरणाऱ्याचे काम. अ‍ॅक्रनमध्येच निक क्रीम यांनी १९४९ साली मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले. आज रात्री वापरायला लांब, जाड आणि गडद रंगाची गांडुळे घेतात, कारण ती पाणी जास्त ढवळतात. स्पिनरबेट या आमिषाला फिरणारी पाती असतात. दिवसा चकाकीसाठी विलोच्या पानासारखे लांबट पाते लावतात. रात्री चकाकीचा उपयोग थोडा, म्हणून कोलोराडो नावाचे गोलसर पाते एकच आणि मोठे लावतात. ते जोराने थरथरते आणि ती थरथर काठीच्या मुठीपर्यंत जाणवते. ती थांबली तर पात्यात गवत अडकले आहे किंवा माशाने मागून आमिष गिळले आहे. दोन्ही वेळा काठी उचलून पाहण्यात नुकसान नाही.

तळाशी वापरायचे आमिष म्हणजे जिग: शिशाचे डोके, त्यात बसवलेला गळ, वर रबरी धाग्यांची झालर आणि मागे क्रेफिशच्या नांग्यांसारखा मऊ तुकडा. रात्री डोळ्यांचे काम हाताला करावे लागते ते इथेच. गोट्यांवरून जाताना जिग टकटक करते, चिखलात शिरली की हाताला जड, मऊ ओढ लागते आणि बुडालेल्या लाकडावर चढताना तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, हळूहळू ताणत जातो. मासा घेतो तेव्हा कधी एकच स्पष्ट ‘टक’ येते. पुष्कळदा तेवढेही येत नाही. तळाचा स्पर्श अचानक नाहीसा होतो आणि तंगूस सैल पडतो, कारण आमिष तोंडात घेऊन मासा आपल्याच दिशेने येत असतो. नवखे मासेमार हीच खूण सोडून देतात.

ती डोळ्यांनी टिपता यावी म्हणून अनेक जण बोटीच्या कडेला अतिनील दिवा लावतात. चकाकणारा रंग दिलेला नायलॉनचा तंगूस त्या उजेडात निळा-पांढरा उजळतो आणि त्याची बारीकशी उडीही दिसते. फ्लुरोकार्बनचा तंगूस असा उजळत नाही.

पद्धत : जागा दिवसा पाहून ठेवावी लागते. बुडालेली खोडे, उथळ उंचवटे आणि उताराची दिशा अंधारात शोधत बसणाऱ्याची रात्र त्यातच सरते. अनुभवी लोक एकाच छोट्या पट्ट्यावर टिकून राहतात आणि त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा फेक करतात, कारण माशाला आमिष सापडायला वेळ लागतो. दोन-तीन काठ्या वेगवेगळी आमिषे बांधून तयार ठेवतात. दर वेळी गाठ बांधण्यासाठी पांढरा दिवा लावला की माणसाच्या डोळ्यांना अंधार सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटे जातात. डोक्यावरच्या दिव्याला लाल उजेड असेल तर हा त्रास बराच कमी होतो, कारण डोळ्यातल्या दंडपेशी लाल प्रकाशाला फारसा प्रतिसाद देत नाहीत.

पृष्ठभागावरच्या आमिषावर मासा तुटून पडला की मोठा खळखळाट होतो आणि हात आपोआप काठी मागे खेचतो. तसे करू नये. बास अंधारात अनेकदा पहिल्या झेपेत चुकतो. आवाजाकडे दुर्लक्ष करून रीळ तशीच फिरवत राहावी आणि माशाचे वजन हाताला लागल्यावरच काठी उचलावी.

चंद्राबाबत मासेमारांत टोकाचे मतभेद आहेत. काहींना पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री हव्या असतात, काहींना अमावस्येच्या. पाण्याच्या नितळपणापुढे चंद्राला दिले जाणारे महत्त्व अवाजवी वाटते. नितळ पाण्यात चांदणे असेल तर वरची आमिषे हाताळणे सोपे जाते, आणि गडद अंधारात तळाशी थरथरणारे आमिष अधिक भरवशाचे ठरते, इतके धरून चालावे. धक्क्यांवरच्या दिव्यांचा परिणाम यापेक्षा निश्चित आहे. उजेडाभोवती कीटक आणि प्लवक जमतात, त्यांच्यामागे शॅडसारखे छोटे मासे येतात आणि बास उजेडाच्या कडेला, सावलीत, उजेडाकडे तोंड करून थांबतो. म्हणून फेक दिव्याखाली न करता उजेड-अंधाराच्या सीमेवरून आमिष न्यावे.

सुरक्षितता : अमेरिकेत सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालत्या मोटारबोटीवर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि त्यांच्या जोडीला पांढरा दिवा लावणे बंधनकारक आहे. २६ फुटांहून लहान मोटारबोटींना १ एप्रिल २०२१ पासून वेगात जाताना इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी चालकाने अंगाला अडकवून ठेवण्याचा नियम लागू झाला. चालक पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबते. परवाने, आकारमर्यादा आणि रात्री मासेमारीची मुभा यांचे नियम राज्यागणिक, कधी तलावागणिक बदलतात. जीवरक्षक जाकीट रात्रभर अंगावर असावे. एकट्याने जाणाऱ्याने कुठे जातो आणि कधी परततो हे किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून ठेवावे.

गळ टोचण्याचे प्रकार अंधारात वाढतात. पृष्ठभागावरच्या आमिषांना बहुधा तीन टोकांचे दोन गळ असतात. एक माशाच्या जबड्यात असतो, दुसरा मोकळा, आणि मासा हातात उसळला की तो बोटात शिरतो. गळाचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकणे, दांडीची जाळी वापरणे आणि डोळ्यांवर पारदर्शक चष्मा ठेवणे हे तिन्ही उपाय स्वस्त आणि खात्रीचे आहेत.

मासा सोडणे : बासची हौशी मासेमारी आज बरीचशी पकडून सोडण्याची आहे. या प्रथेला मोठी गती स्पर्धांमुळे मिळाली. रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सातील बीव्हर लेकवर मोठी बास स्पर्धा भरवली आणि १९७२ पासून आपल्या स्पर्धांत मासे जिवंत ठेवून सोडण्याचा आग्रह धरला. उन्हाळ्याच्या रात्री हे काम जास्त काळजीचे असते. गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो आणि झुंजून थकलेल्या माशाला सावरायला वेळ लागतो. हात ओले करून एका हाताने खालचा जबडा आणि दुसऱ्याने पोट आधारून मासा आडवा धरावा. मोठा मासा नुसत्या जबड्यावर लोंबता धरला तर जबड्याला इजा होते. छायाचित्राची तयारी मासा पाण्यात असतानाच करावी.

सल्ल्याची देवाणघेवाण : ही कला पुस्तकापेक्षा बोटीत शेजारी बसून आणि धक्क्यावरच्या गप्पांतून पसरली. रात्रीच्या मासेमारीत सल्ल्याची गरज दिवसापेक्षा जास्त असते, कारण मासा आमिषामागे आला आणि परत गेला हे कुणालाच दिसत नाही. हाती उरते ती फक्त जाणीव, आणि ती शब्दांत नीट मांडली नाही तर ऐकणाऱ्याला काही मिळत नाही.

‘काळ्या स्पिनरबेटवर मिळाले’ एवढे सांगणे अपुरे आहे. सांगणाऱ्याने रात्रभर तेच एक आमिष फेकले असेल तर मासा दुसऱ्या कशावर मिळणारच नव्हता. उपयोगी सल्ल्यात पाण्याचे तापमान, नितळपणा, वारा, तळ कसला होता, मासा किती खोलीवर मिळाला आणि आमिष किती वेगाने ओढत होतो हे येते. आमिषाचे नाव त्यानंतर. ‘पाणी २८ अंश, दोन मीटर खालचे दिसेल इतके नितळ, खडकाळ टोकाची वाऱ्याकडची बाजू, तीन ते चार मीटरवर, गोट्यांना टेकत टेकत ओढले, वेग वाढवला की मासे बंद’ हे ऐकणारा दुसऱ्या राज्यातल्या, कधी न पाहिलेल्या तलावावरही वापरू शकतो. रिकाम्या गेलेल्या तासांचे वर्णनही तितकेच मोलाचे असते, आणि तेच सर्वांत कमी सांगितले जाते. विचारणाऱ्यानेही आपले पाणी, वेळ, किनाऱ्यावरून जातो की बोटीतून, आणि आतापर्यंत काय करून पाहिले हे सांगितले पाहिजे. ‘रात्री कोणते आमिष चांगले?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

ठिकाण उघड करण्याबाबत मासेमारांत एक अलिखित संकेत आहे. पद्धत मोकळेपणाने सांगायची, नेमकी जागा जपून. डेल हॉलोसारख्या हजारो हेक्टरांच्या जलाशयाचे नाव घेतल्याने काही बिघडत नाही. एखाद्या छोट्या तळ्याचे नाव मात्र जाहीर झाले की थोड्या आठवड्यांत तिथल्या मोजक्या मोठ्या माशांवर ताण येतो, आणि किनारा खासगी असेल तर मालक सर्वांनाच बंदी घालतो. दुसऱ्याने विश्वासाने दाखवलेली जागा त्याला विचारल्याशिवाय पुढे सांगणे जुने मासेमार अजूनही गंभीर आगळीक मानतात.